झुलाल नाना अर्ध्या वाटेतून परत फिरले

झुलाल नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसले होते आणि आत यायला तयार नव्हते.

माझं नाव मोनाली. मी धुळ्याच्या एका संस्थेत काम करते. आमचं काम सांगायला सोपं आहे. ज्या गावात कुणी स्वतःचा जीव घेतलाय, तिथे जायचं, मागे राहिलेल्या घराला आधार मिळतोय का बघायचं, आणि पुन्हा तसं घडू नये म्हणून गावातलीच चार माणसं तयार करायची. डॉक्टर धुळ्याला असतात, आम्ही महिन्यातून एकदा फिरकतो. रोज गल्लीतून जाणारी, कुणाचं दार अजून उघडलं नाही हे ज्यांच्या ध्यानात येतं अशी माणसं गावातच असतात. दोंडाईच्याजवळचं हे गाव. मी त्याला आंबळदे म्हणते, खरं नाव वेगळं आहे; माणसांची नावंही बदललेली आहेत. तिथली चार माणसं निवडायचं काम मी गावच्या आशा सेविका ज्योत्स्नाताई यांच्यावर सोपवलं होतं. मला वाटलं, त्या मास्तरांचं नाव देतील, नाहीतर पोलीस पाटलांचं. त्यांनी पहिलं नाव दिलं ते गावाला पाणी सोडणाऱ्या झुलालचं.

"नाना, आत या ना. खुर्ची आहे," मी म्हटलं.

"मॅडम, मी आठेच बरा शे," ते म्हणाले आणि पायरीवरच सरकून बसले. तिथून त्यांना आतलं सगळं ऐकू येत होतं.

अठ्ठावन्नचं वय, सातवीपर्यंत शाळा, अंगाने काटक. बावीस वर्षं ते आंबळद्याचं पाणी सांभाळत होते. गावात पाणी सहा दिवसांनी यायचं, तेही एकदम सगळीकडे नाही. एक गल्ली झाली की दुसरी. खांद्यावर लोखंडी चावी टाकून नाना निघायचे, रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण बाजूला करायचे, व्हॉल्व्ह फिरवायचे आणि मग त्या गल्लीतून एक चक्कर मारायचे. कोण नळाला मोटर लावतंय, कुणाची तोटी गळतेय, कोणाच्या अंगणात भांडण चाललंय, सगळं त्यांना दिसायचं. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. हांडे किती मांडलेत यावरून ते ओळखायचे की पाहुणे आलेत. ज्योत्स्नाताईंनी त्यांना का निवडलं हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी प्रशिक्षणाचा पहिला तास होता. मी नेहमीचं सांगत होते: जीव द्यायचा विचार करणारा माणूस पुष्कळदा आधी काहीतरी खूण देतो, आपल्याला ती दिसते, पण आपण तिचा अर्थ लावत नाही. एवढं बोलून मी पाणी प्यायला थांबले आणि मागून आवाज आला.

"मी देखं व्हतं."

नाना पायरीवरून उठून दारात आले होते. चपला अजून हातातच होत्या.

त्यांनी जे सांगितलं ते अहिराणीत सांगितलं, तुटक तुटक. आठ महिन्यांपूर्वी, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. वरच्या गल्लीचं पाणी होतं. त्या गल्लीत प्रेमराज राहायचा, मांडववाला. लग्नाचे मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर, सगळं त्याचंच. पंचक्रोशीत एकही हळद अशी नव्हती जिच्यात प्रेमराज स्वतः नाचला नाही. नवरदेवाच्या बापाला तो ओढून नाचवायचा. नळाला पाइप लावायला गल्लीत सगळ्यांत पहिला तोच असायचा, आणि नाना दिसले की ओरडायचा, "नाना, आज गंगा लवकर उनी!"

त्या सकाळी त्याच्या नळाला पाइप नव्हता. नळ उघडा होता आणि खाली हांडाही नव्हता.

"पानी गटारमा जाई ऱ्हायनं व्हतं," नाना म्हणाले. "मी म्हटलं, गया व्हई कोठे लगीनमा. मीच नळ बंद करा अनि निंघी गऊ. आवाजबी दिधा नही."

दहाच्या सुमाराला त्या घरातून आक्रोश ऐकू आला. प्रेमराज गेला होता. त्याने स्वतःच जीव दिला होता. कसा, ते मी इथे लिहिणार नाही. नानांनीही मला ते कधी सांगितलं नाही. गाव नुसतं हादरलं. ज्यांच्या घरी परवाच त्याने मांडव घातला होता ती माणसं मांडव तसाच उभा सोडून धावली. प्रेमराज? इतका हसरा माणूस? लोकांनी कारणं शोधली, एकमेकांना विचारली, काही स्वतःच रचली. खरं कारण कुणालाच कळलं नाही, आजही माहीत नाही.

 ज्योत्स्नाताई, त्यांनी निवडलेले भजनी मंडळातले लीलाधरभाऊ, पीठगिरणीवाली बाई, सगळे नानांकडे नुसते बघत राहिले. आठ महिने हा माणूस रोज त्यांच्यात वावरत होता आणि हे त्याने एकालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. मी एकतीस गावांत हे प्रशिक्षण दिलं होतं. असं काही समोर आलं तर काय बोलायचं हे माझ्या कागदांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मॅडम," नाना म्हणाले, "मी आवाज दिधा असता तर तो वाचता का?"

धीर द्यावा म्हणून काहीतरी ठोकून द्यायचं माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"माहीत नाही, नाना," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

 नानांनी चपला दाराशी ठेवल्या, आत आले आणि खुर्ची सोडून भिंतीला टेकून खाली बसले. नंतर कधीतरी मला म्हणाले, की त्या वेळी मी "नाही हो, तुमची काय चूक" असं म्हटलं असतं तर ते तिथूनच घरी गेले असते.

दुपारी मी सरळ विचारण्याबद्दल सांगायला लागले. मनात शंका आली तर आडून आडून बोलायचं नाही. थेट विचारायचं, जीव द्यायचा विचार येतोय का? विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते नव्याने भरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलायला लागतो. हे ऐकून सगळ्यांचे डोळे विस्फारले. पीठगिरणीवाल्या बाईंनी तोंडावर पदर धरला.

"असं तोंडवर इचारानं?" नाना म्हणाले. "माणूस मारी ना आपले!"

मी दोघादोघांना समोरासमोर बसवलं आणि सराव करायला लावला. नानांच्या समोर लीलाधरभाऊ होते. नाना "जीव" म्हणायचे आणि थांबायचे. पाच वेळा थांबले. सहाव्यांदा उठले आणि तंबाखू मळायला बाहेर गेले. ज्योत्स्नाताई मला सांगतात, की पुढचे कितीतरी दिवस टाकीजवळच्या मोटरच्या खोलीत, मोटर चालू असताना, नाना एकटेच ते वाक्य मोठ्याने म्हणायचे. मोटरच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

या सगळ्यात प्रेमराजच्या घरी मात्र ते गेले नव्हते. वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि दुसऱ्या रस्त्याने निघून जायचं, असं आठ महिने चाललं होतं. प्रशिक्षणानंतरच्या आठवड्यात ते एका दुपारी त्या घरी गेले. तिथे काय झालं हे मला दिपमालानेच सांगितलं. दिपमाला ही प्रेमराजची बायको, छत्तीस वर्षांची. घरात ती, नववीतली मुलगी आणि प्रेमराजचे वडील, चौऱ्याहत्तर वर्षांचे जीवराम आबा.

दिपमाला ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. प्रेमराज गेल्यावर त्याचा मांडव गावात कुणी घेईना. त्या घरचे बांबू, त्या घरचं कापड लग्नात नको, असं तोंडावर कुणी म्हटलं नाही. फक्त बोलवायचं बंद झालं. मग ती दोंडाईच्याच्या मिरची बाजारात देठ खुडायला जाऊ लागली, उरलेलं काम घरी आणू लागली. बायका भेटायला यायच्या त्या एकच विचारायला. काय झालं होतं गं? काही बोलली होतीस का त्याला? तेरावं झालं आणि त्याही यायच्या थांबल्या. प्रेमराजचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. मुलीने एकदा पप्पा म्हटलं तर मावशीने तिला गप्प केलं होतं.

नाना आले, समोर उकिडवे बसले आणि प्रस्तावना न करता त्यांनी सगळं सांगून टाकलं. नळ, वाहणारं पाणी, बंद केलेली तोटी, न दिलेला आवाज. सांगून झाल्यावर ते मान खाली घालून बसले. त्यांना वाटत होतं, ही आता किंचाळेल, शिव्या देईल, गल्ली गोळा करेल.

दिपमालाचे हात थांबले. तिने सावकाश डोळे वर केले.

"नाना, तुम्ही गल्लीमा व्हतात," ती म्हणाली. "मी घरमाच व्हती. भिंतना आल्याड भाकरी टाकी ऱ्हायंती. माले समजनं नही. तुमले कसं समजी?"

ती मला म्हणाली, "ताई, हे मी त्यांच्यासाठी नव्हतं म्हटलं. ते माझ्या तोंडातून पडलं आणि मीच घाबरले. एवढे दिवस ते वाक्य माझ्यात कुठे होतं, मलाच माहीत नव्हतं."

मग ती रडली. प्रेमराज गेल्याच्या तिसऱ्या दिवसानंतर पहिल्यांदा. नाना उठले नाहीत, गप्प करायला गेले नाहीत, देवाची इच्छा वगैरे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी सुपातल्या मिरच्या पुढे ओढल्या आणि देठ खुडायला लागले. त्यांचे डोळे झोंबायला लागले, तरी ते खुडत राहिले. जाताना त्यांनी विचारलं, "प्रेमराजना आवाज कसा गोड व्हता ना वं?" आणि दिपमाला त्या दिवशी अर्धा तास त्याच्याबद्दल बोलत बसली. तो पहिल्यांदा मांडवावरून पडला होता तेव्हाची गोष्ट सांगताना हसलीसुद्धा. आतल्या खाटेवर आबा पाठ करून पडले होते. ते ऐकत असावेत.

त्यानंतर वरच्या गल्लीचं पाणी असलं की नाना घटकाभर त्या ओट्यावर टेकायचे. दर महिन्याला मला फोन करून सांगायचे. आबा बोलत नाहीत, जेवण कमी आहे, दाढी वाढली आहे. मी लिहून घ्यायचे.

भाद्रपद संपता संपता आबा बदलले. एके दिवशी उठून त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि गावात फेरी मारली. पारावर बसले. लोकांशी बोलले. जळगावला त्यांची बहीण असते, सुनंदाबाई. तिच्याशी अकरा वर्षं अबोला होता. आबा एसटीत बसून तिच्याकडे गेले, दोन दिवस राहिले, तिच्या नातवाला मांडीवर घेतलं. सुनंदाबाईंनी आनंदाने रडत दिपमालाला फोन केला. घरची गाय आबांनी भाच्याला देऊन टाकली, म्हणाले, आता होत नाही माझ्याने. घड्याळ लीलाधरभाऊंना दिलं. गावात जो तो म्हणायला लागला, आबा सावरले. पोराचं दुःख पचवलं म्हाताऱ्याने.

नानांनी फोनवर मला तेच सांगितलं. मीही खूश झाले. त्या महिन्याच्या अहवालात मी स्वतःच्या हाताने लिहिलं: "जीवराम, वय ७४. लक्षणीय सुधारणा." अकरा वर्षं हे काम करणारी मी. ते पान मी अजून जपून ठेवलंय आणि प्रत्येक नव्या प्रशिक्षणात दाखवते. तेव्हा लोकांच्या आधी मलाच धडकी भरते.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी वरच्या गल्लीचं पाणी होतं. नाना ओट्यावर टेकले. आबा आतून फावडं घेऊन आले. बाभळीचा दांडा त्यांनी स्वतः तासून बसवलेला होता. वापरून वापरून तो गुळगुळीत झाला होता. ते फावडं ते कुणाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत.

"हे तुले," आबा म्हणाले. "तुन्हा कामले येई."

नानांनी ते घेतलं. बरं वाटलं त्यांना. खांद्यावर एकीकडे चावी, एकीकडे फावडं, असे ते खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवायला निघाले. मारुतीच्या देवळापर्यंत गेले आणि थांबले.

"मॅडम, कसं सांगू," ते मला म्हणाले होते. "माझ्या पायांनाच आधी कळलं. पाय उचलेचनात. म्हटलं, हा माणूस याच फावड्याने घरापुढचं गटार स्वतः साफ करतो. उद्या कशाने करील?" मग त्यांना गाय आठवली. घड्याळ आठवलं. जळगावची बहीण आठवली.  ते वळले.

आबा अजून ओट्यावरच होते. दिपमाला दोंडाईच्याला गेली होती, मुलगी शाळेत. नानांनी फावडं भिंतीला टेकवलं, समोर बसले, आणि मोटरच्या खोलीत शंभर वेळा म्हटलेलं वाक्य त्यांनी म्हटलं.

"आबा, तुम्ही जीव देवाना इचार करी ऱ्हायनात का?"

नानांची तयारी होती ती आबा चिडतील याची. काठी उगारतील, हाकलून देतील. आबांनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं आणि एसटी किती वाजता आहे असं कुणी विचारल्यावर उत्तर द्यावं तसं म्हणाले,

"हा."

आणि थोडं थांबून, "पोऱ्यानं वरीस व्हई जाऊ दे. मंग."

वर्षश्राद्धाला पंचवीस दिवस राहिले होते.

 शिकलेलं सगळं नानांच्या डोक्यातून पुसलं गेलं. आधी काय विचारायचं, मग काय, कुणाला फोन लावायचा, काही आठवेना. त्यांना एकच सुचलं. त्यांनी खांद्यावरची चावी काढून खाली ठेवली.

"आते मी आठून उठाव नही, आबा."

"पानी सोडानं शे ना तुले?"

"ऱ्हाऊ द्या पानी."

ते बसून राहिले. बऱ्याच वेळाने आबा बोलायला लागले. ज्या आठवड्यात प्रेमराज गेला, त्या आठवड्यात आबा त्याच्यावर ओरडले होते. अंगणात तो लाऊडस्पीकर तपासत होता, आबांची दुपारची झोप मोडली. तुझा हा भोंगा मला मेल्यावरच सोडेल, असं काहीतरी ते म्हणाले होते. प्रेमराजने हसून स्पीकर बंद केला होता. एवढंच. पण ते एवढंच आबा अकरा महिने रोज ऐकत होते. "त्यानी बंद करा, लगेच," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "एक शबूद बोलना नही."

तिकडे खालच्या गल्लीत बायका नळासमोर हांडे लावून बसल्या होत्या. नऊ वाजले, दहा वाजले, पाणी नाही. वरच्या गल्लीत मात्र गटारं वाहायला लागली, कारण व्हॉल्व्ह तसाच उघडा होता. लोक शोधत आले. सरपंच रुपचंद स्वतः आले आणि ओट्यासमोर उभे राहून ओरडले, "नाना, गप्पा मारत बसलाय इथे? गाव कोरडं पडलंय!" मागे पंधरा-वीस जणांचा घोळका. कुणीतरी म्हणालं, पिऊन आलाय वाटतं सकाळी सकाळी.

नाना उठले नाहीत, काही बोललेही नाहीत. चावी उचलून त्यांनी सरपंचांच्या हातात दिली. "आज तुम्ही फिरवा," एवढंच म्हणाले. आबांचं गुपित त्या घोळक्यासमोर उघडं करायचं नव्हतं, आणि आबांना सोडून जायचंही नव्हतं. सरपंच लालबुंद झाले. टाकी तोवर रिकामी झाली होती. खालच्या गल्लीला पुढचे सहा दिवस टँकरवर काढावे लागले आणि नानांना ग्रामपंचायतीची लेखी नोटीस मिळाली. बावीस वर्षांतली पहिली. का बसलो होतो, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही.

लोक गेल्यावर नानांनी ज्योत्स्नाताईंना फोन लावला, त्यांनी मला. मी तेव्हा धुळ्यात ऑफिसमध्ये होते. "आबा?" मी विचारलं. "आपले जीवराम आबा?" माझ्या टेबलावर तो अहवाल पडला होता. 

ज्योत्स्नाताईंनी घरातल्या ज्या वस्तूंपासून धोका होता त्या उचलून नेल्या. दिपमालाला बोलावून घेतलं. तिला सांगू नका, असं आबा हात जोडून म्हणत होते. नाना म्हणाले, "आबा, तुमचं बाकी सगळं मी पोटात ठेवीन. हे नाही ठेवणार." दिपमालाने ऐकलं. सासरे सावरले म्हणून तिने चारच दिवसांपूर्वी मारुतीला नारळ फोडला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नाना, दिपमाला आणि आबा धुळ्याला आले. सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागाबाहेरच्या बाकावर मी त्यांना भेटले. आबांना बारा दिवस दाखल ठेवलं. नाना त्यातले नऊ दिवस खाटेखाली चादर टाकून झोपले. आबा त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हते. डॉक्टरांशी बोलायचे, नर्सशी बोलायचे, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. नानांनी ताट पुढे केलं की मान फिरवायचे.

घरी आल्यावरही तेच. "यानं मन्हा तमाशा करा," असं ते दिपमालाला म्हणत. नाना ओट्यावर आले की आबा उठून आत जात. औषध मात्र घ्यायचे; दिपमाला समोर उभी राहायची. वर्षश्राद्धाच्या दिवसाची आम्हा सगळ्यांना धास्ती होती. मी आदल्या दिवशीच आंबळद्याला जाऊन राहिले. त्या दिवशी त्या घरात माणूस माणसाला एकटं सोडत नव्हता. लीलाधरभाऊंनी घड्याळ परत आणून भिंतीला टांगलं. पीठगिरणीवाल्या बाई सकाळपासून चुलीजवळ होत्या. दिपमालाने मुलीला मोठ्याने सांगितलं, "पप्पांचा फोटो पूस." आबांनी पिंड दिले, जेवले आणि ओसरीवर आडवे झाले. दिवस मावळला आणि आबा आमच्यात होते. मी नानांकडे पाहिलं. ते अंगणाच्या कडेला उभे होते. आबांना दिसू नये म्हणून दिवसभर ते तिथेच होते.

मांडवाचं गावात काही जमलं नाही. साक्रीकडच्या दोन-तीन गावांत, जिथे कुणी ओळखत नाही, तिथे दिपमाला तो भाड्याने देते. आंबळद्यात तो अजून कुणी घेत नाही. दिपमाला म्हणते, घेतील कधीतरी, नाहीतर राहू दे.

फेब्रुवारीत एका दुपारी मला नानांचा फोन आला. त्यांचा आवाज इतका बारीक होता, की मी हातातलं सगळं टाकून उभी राहिले. वाटलं, आबा गेले.

"मॅडम, आबा मन्हा घर उनात," ते म्हणाले. "सोता. चालीसन. मी काही इचारं नही, बोलावं नही."

चार महिन्यांत आबा नानांच्या सावलीला उभे राहिले नव्हते. त्या दुपारी नाना जेवायला बसत होते. दारात काठीचा आवाज आला. आबा उंबऱ्यात उभे होते, घामाघूम, वरच्या गल्लीतून अख्खं गाव ओलांडून आलेले. आत आले, खांबाला टेकून बसले आणि नानांकडे न बघता म्हणाले,

"आज सकायपाईन मनमा तोच इचार येई ऱ्हायना. तुले सांगाले उनू."

 मला फोनवर नाना म्हणाले, "मॅडम, मी त्यांना विचारलं तेव्हा जेवढा हादरलो नव्हतो तेवढा आज हादरलो. माणूस स्वतः येऊन सांगतो?"

"आता कुठे आहेत ते?"

"आठेच शेतस. सुंदरबाईनी ताट वाढं."

सुंदरबाई म्हणजे नानांची बायको. मागून तिचा आवाज मला ऐकू आला, ती आबांना दटावत होती, "जेवन करीसन जा आबा, भरीत गरम शे." मग आबा काहीतरी पुटपुटले. मी नानांना विचारलं, काय म्हणाले. नाना म्हणाले, मीठ कमी आहे म्हणतात.

मी दुपारच्या एसटीने निघाले. पोचले तेव्हा आबा नानांच्या खाटेवर झोपले होते आणि ज्योत्स्नाताई जवळ बसून त्यांच्या गोळ्यांचं पाकीट तपासत होत्या. दोन दिवसांच्या गोळ्या राहून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो.

हे सगळं लिहू का, असं मी आबांना विचारलं होतं. ते म्हणाले, लिही, नाव मात्र माझं खरं घालू नको. झुलालचं घाल. मग थोडा विचार करून म्हणाले, त्याचंही नको, उगाच शेफारेल.